ओसरी, माजघर आणि बीन बॅग

मध्यंतरी मी हिंजवडीला जाऊन आले. (वाक्य लिहायला तीन सेकंद लागले, प्रत्यक्ष जायला दीड तास. असो!) निमित्त होतं माझ्या एक्स-रूममेटच्या नव्या ऑफिसचं. ती सॉफ्टवेअर डेव्हलपर. तिची कंपनी तीन महिन्यांपूर्वी नव्या जागेत शिफ्ट झाली आणि तेव्हापासून त्या जागेचे फोटो मी कंपनीच्या इन्स्टाग्रामवर बघत होते. तिने स्वतः मात्र एकही फोटो पाठवला नव्हता. खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं!

ऑफिस एकदम भन्नाट. रिसेप्शनमागे पाणी झिरपणारी भिंत. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर उतरायला पिवळीधमक घसरगुंडी. छताला टांगलेले वेताचे झोपाळे, कोपऱ्याकोपऱ्यात बीन बॅग, फूसबॉलचं टेबल, पाच प्रकारची कॉफी देणारं मशीन. मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं. म्हणजे 'अकरा वाजता तोरण्यावर भेटू' असं म्हणायचं आणि लिफ्टने जायचं! दोन मजल्यांवर मिळून एकही भिंत नाही, एकही केबिन नाही. इकडे उभं राहिलं की थेट तिकडचा माणूस दिसतो. मला माझी खोली आठवली. तिथे माझं ऑफिस म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामध्ये कोंबलेलं एक फोल्डिंग टेबल.

'आयला, काय सॉलिड ऑफिस आहे गं तुझं!' मी म्हटलं.

'हो. छान आहे,' ती म्हणाली. मेसमधल्या भाजीला छान म्हणतात ना, तसं.

त्यानंतरच्या तासाभरात काय झालं ते सांगते. तिने सकाळी अॅपवर बुक केलेल्या जागेवर दुसरंच कुणीतरी बसलं होतं. (या ऑफिसात कुणाचीच ठरलेली जागा नाही. रोज यायचं, रिकामं टेबल पकडायचं, संध्याकाळी सगळं आवरून लॉकरमध्ये ठेवायचं.) दुसऱ्या टेबलाशेजारी सेल्सवाल्यांचा कॉल चालू होता, स्पीकरवर. तिसरं टेबल घसरगुंडीच्या बरोबर खाली. शेवटी ती म्हणाली, 'चल, टपरीवर जाऊ.'

तर गेटबाहेरच्या टपरीवर, भर उन्हात, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ती पहिल्यांदा मोकळेपणी बोलली.

'अगं, मग तू काम करतेस कधी?' मी विचारलं.

'रात्री अकरानंतर. घरी. दिवसभर इथे बसते, हेडफोन लावते, मेलना उत्तरं देते. खरा कोड रात्रीच.' मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, 'राजीनामा टाइप करून ठेवलाय. ड्राफ्टमध्ये आहे.'

मी उडालेच. पगार चांगला, टीम चांगली, बॉससुद्धा बरा. आणि राजीनामा कशासाठी, तर एवढ्या झकास ऑफिसमुळे?

तिचं जुनं ऑफिस मी पाहिलं होतं. बाणेरला एका बँकेच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. एसी गळायचा, खाली बादली ठेवलेली. तपकिरी रंगाची, कळकट पार्टिशन्स. पण त्यातलं एक पार्टिशन तिचं होतं. त्याच्यावर आईने दिलेला गणपती, कोकणकड्याचा फोटो, चुकांची यादी लिहिलेले पिवळे कागद. खिडकीत काचेच्या बाटलीतला मनी प्लँट, बाहेर गुलमोहर. 'तिथे मी दोन तास मान वर न करता बसायचे,' ती म्हणाली, 'आणि मान वर केली की गुलमोहर दिसायचा.'

आता मला भाडोत्री का होईना, पण पत्रकार म्हणतात. डोक्यात प्रश्न शिरला की चैन पडत नाही. ऑफिसची जागा माणसाच्या डोक्यावर एवढा परिणाम करते? आणि करत असेल, तर कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेलं ऑफिस गळक्या ऑफिसपुढे का हरतं? मग काय, पुढचे आठ-दहा दिवस हाच उद्योग!

पार्टिशनचा बाप

सगळ्यात आधी एक गंमत. ज्या पार्टिशनला आपण 'खुराडं' म्हणून शिव्या घालतो, ते मुळात माणसाला मोकळं करायला जन्माला आलं होतं! अमेरिकेत हर्मन मिलर नावाची फर्निचर कंपनी आहे. तिथल्या रॉबर्ट प्रॉप्स्ट या संशोधकाला वाटायचं, की ऑफिसात माणसाने दिवसभर एकाच पोझमध्ये बसावं हे चूक आहे. त्याला उभं राहून काम करता यावं, कागद नजरेसमोर पसरता यावेत, आणि काम बदललं की जागाही बदलता यावी. यातून १९६४ मध्ये 'अॅक्शन ऑफिस' आलं आणि १९६८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती. हलवता येणारी पॅनेल, मोठ्या कोनात उघडणारी, ज्याला हवी तशी रचायची.

कंपन्यांनी काय केलं? पॅनेल घेतली, काटकोनात जोडली, एका मजल्यावर जास्तीत जास्त माणसं कोंबली. झालं क्युबिकल तयार! 'हलवता येणारी' यातलं हलवणं कर्मचाऱ्याच्या हातातून गेलं आणि अॅडमिनच्या हातात आलं. प्रॉप्स्ट यांना पुढे आपल्याच कल्पनेचं हे रूप बघून वाईट वाटायचं.

मग आयटी कंपन्यांनी दुसरं टोक गाठलं. पार्टिशन नको ना? मग काहीच नको! कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला फेसबुकने २०१५ मध्ये फ्रँक गेरी या जगप्रसिद्ध आर्किटेक्टकडून इमारत बांधून घेतली. आत एकच अवाढव्य हॉल, सुमारे ४ लाख ३० हजार चौरस फुटांचा, त्यात जवळपास २८०० माणसं. एका छपराखाली अख्खं गाव! कल्पना अशी, की भिंती नसल्या की माणसं बोलतील, बोलली की आयडिया सुचतील.

ऐकायला पटतंच. पण हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एथन बर्नस्टीन यांनी स्टीफन टर्बन यांच्यासोबत ते मोजून बघितलं. दोन बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढून ओपन ऑफिस होणार होतं. त्यांनी भिंती असताना आणि काढल्यावर, दोन्ही वेळा कर्मचाऱ्यांना सेन्सरवाले बॅज दिले. कोण कोणाशी समोरासमोर किती वेळ बोलतं ते त्यात नोंदलं जायचं. २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. समोरासमोरचं बोलणं वाढलं नाहीच, उलट जवळपास ७० टक्क्यांनी घटलं! आणि ईमेल आणि चॅट वाढले.

विचार केला तर यात नवल काही नाही. सगळे आपल्याकडे बघू शकतात म्हटल्यावर माणूस 'बिझी' दिसायला लागतो. शेजारच्याला हाक मारावी तर चाळीस लोकांना ऐकू जाणार. मग शेजारच्यालाच मेसेज टाकायचा. आणि कानात हेडफोन. भिंती काढल्या म्हणून काय झालं, प्रत्येकाने आपापली भिंत कानाला लावली!

सगळी ओसरीच!

हे वाचताना मला माझं आजोळ आठवलं. जुना वाडा. दिंडी दरवाजातून आत आलं की अंगण, मग ओसरी, मग माजघर, वर माडी. ओसरीवर कुणीही यावं. पोस्टमन, शेजारचे काका, लग्नाची बोलणी करणारे, नुसतेच सावलीला टेकणारे. गावातल्या सगळ्या बातम्या ओसरीवर जमायच्या. पण मामाला परीक्षेचा अभ्यास करायचा असला की तो माडीवर जायचा, आणि आजीला हिशेबाची वही लिहायची असली की ती माजघरात. तिथे ओसरीवरचा आवाज पुसट ऐकू यायचा, पण कुणी उंबरा ओलांडून आत येत नसे. दोन्ही जागा दहा पावलांवर, आणि कुठे बसायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आपली नवी ऑफिसं म्हणजे सगळी ओसरीच झाली आहेत. माजघर काढूनच टाकलंय. आणि जुन्या क्युबिकल ऑफिसात सगळं माजघर होतं, ओसरी नव्हती. आयडिया सुचायला ओसरी लागते, हे कबूल. पण ती कागदावर उतरवायला माजघर लागतं!

गळकी इमारत, नोबेल डोकी

आता जगातल्या सगळ्यात फेमस गळक्या ऑफिसची गोष्ट. एमआयटी. (आपली कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली, बोस्टनजवळची.) १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, रडारच्या संशोधनासाठी तिथे घाईघाईत एक तीन मजली लाकडी इमारत उभारली. नाव सुद्धा धड नाही, नुसतं 'बिल्डिंग २०'. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत पाडून टाकायची असं ठरलं होतं. ती पाडली १९९८ मध्ये! उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ, पाय टाकला की जमीन करकरणार.

आणि या खोपटात कोण कोण बसत होतं? भाषाशास्त्रात उलथापालथ करणारे नोम चॉम्स्की. ज्यांच्या नावाचे स्पीकर आणि हेडफोन आपण लावतो (किंवा ईएमआयवर घेण्याची स्वप्नं बघतो), ते अमर बोस. मॉडेल रेल्वेगाड्यांचा एक क्लब, ज्यातली पोरं कॉम्प्युटरशी खेळता खेळता पहिल्या पिढीचे हॅकर झाली. भाषावाले, आवाजवाले, अणूवाले एकाच बोळात. चहाला उठलं की दुसऱ्याच विषयातला माणूस भेटणार. ही झाली ओसरी.

पण मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. जेरोल्ड झकारायस नावाचे शास्त्रज्ञ तिथे अणुघड्याळावर काम करत होते. यंत्र एवढं उंच, की खोलीत मावेना. त्यांनी काय केलं? वरच्या दोन मजल्यांची जमीन काढून टाकली! फॉर्म नाही, अप्रूव्हल नाही. इमारत तशीही पाडायचीच होती, मग अडवणार कोण? तार ओढायची आहे, ओढा. भिंतीला भोक पाडायचंय, पाडा. कुणालाच त्या जागेची फिकीर नव्हती, म्हणून ती तिथल्या प्रत्येकाची झाली.

त्याच जागेवर पुढे एमआयटीने पुन्हा फ्रँक गेरी यांच्याकडून वाकड्यातिकड्या भिंतींची देखणी इमारत बांधून घेतली. २००४ मध्ये ती उघडली, आणि २००७ मध्ये ती गळते म्हणून एमआयटी कोर्टात गेली! २०१० मध्ये तडजोड झाली. गळण्याच्या बाबतीत परंपरा चालू राहिली म्हणायची.

बाथरूम, टेबल आणि झोपड्या

याचा अर्थ देखणं ऑफिस बांधूच नये असा आहे का? तर नाही. 'टॉय स्टोरी'वाल्या पिक्सारचं उदाहरण घ्या. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्यांचं नवं ऑफिस सुरू झालं. मालक स्टीव्ह जॉब्ज. इमारतीच्या मधोमध त्यांनी मोठा चौक ठेवला. कॅफे, टपालाच्या पेट्या, सगळं तिथेच, म्हणजे प्रत्येकाला दिवसातून चार वेळा तिथे यावंच लागेल. उत्साहाच्या भरात ते इथपर्यंत गेले, की बाथरूमसुद्धा फक्त चौकातच हवीत म्हणाले. तेव्हा कर्मचाऱ्यांनी विरोध केला. एक गरोदर बाई म्हणाल्या, मी प्रत्येक वेळी दहा मिनिटं चालायचं का? शेवटी बाथरूम वाढवली. जॉब्जसारखा माणूस ऐकतो म्हटल्यावर आपल्या अॅडमिनने ऐकायला काय हरकत आहे?

याच पिक्सारमधला एक किस्सा तिथले तेव्हाचे प्रमुख एड कॅटमल यांनी आपल्या पुस्तकात सांगितला आहे. त्यांच्या मोठ्या मीटिंग रूममध्ये एक लांबलचक, देखणं टेबल होतं. मधे बसणारे बोलायचे, टोकाला बसणारे गप्प. मग मोठ्या लोकांसाठी मधल्या जागा राखून ठेवायला नावांच्या पाट्या आल्या. तेरा वर्षं हे असंच चाललं! कॅटमल स्वतः मधे बसायचे, म्हणून त्यांना पत्ताच नाही. एकदा योगायोगाने छोट्या खोलीत चौकोनी टेबलाभोवती मीटिंग झाली आणि बघतात तर काय, सगळेच बोलतायत. टेबल बदललं. तरी पुढच्या मीटिंगला पाट्या पुन्हा मांडलेल्या होत्याच! शेवटी दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी त्या उचलून हव्या तशा इकडेतिकडे ठेवून दिल्या, तेव्हा कुठे विषय संपला. माणूस गप्प बसतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्याकडे कल्पना नसते असं नाही. कधीकधी टेबल लांब असतं!

आणि त्याच ऑफिसात अॅनिमेटर लोकांना आपापल्या जागा हव्या तशा सजवू दिल्या. कुणी झोपडी बांधली, कुणी किल्ला. म्हणजे मधे एक भलीमोठी ओसरी, आणि भोवती ज्याचं त्याचं माजघर. बघा, जमतं की नाही?

कुंडी कुणी ठेवली?

एवढं वाचून झाल्यावर मला हवं होतं ते सापडलं. इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठातले क्रेग नाइट आणि अॅलेक्स हॅस्लम यांचे प्रयोग, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले. त्यांनी लोकांना चार प्रकारच्या ऑफिसात बसवून काम दिलं.

पहिलं एकदम कोरं. टेबल, खुर्ची, काम. दुसऱ्यात तेच टेबल, पण झाडं आणि चित्रं लावलेली. तिसऱ्यात झाडं आणि चित्रं दिली आणि सांगितलं, तुम्हाला हवी तिथे ठेवा, नको असतील तर ठेवू नका. चौथ्यात तसंच मांडू दिलं, आणि मग प्रयोग करणारा आला आणि त्याने सगळं उचलून आपल्या मनासारखं लावलं.

निकाल? झाडं-चित्रंवाल्या दुसऱ्या ऑफिसात कोऱ्या ऑफिसापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त काम झालं. ज्यांना आपल्या हाताने मांडू दिलं, त्यांचं सुमारे ३२ टक्के जास्त. आणि चौथ्या खोलीतल्यांचा हा सगळा फायदा गायब! गंमत बघा, चौथी खोली दिसायला अगदी दुसऱ्यासारखीच होती. तीच झाडं, तीच चित्रं. फरक इतकाच, की 'तुझं तू लाव' म्हणून आधी सांगितलं आणि मग काढून घेतलं.

हे वाचलं आणि मला टपरीवरचा तिचा चेहरा आठवला. तिची कंपनी म्हणजे ही चौथी खोली! घसरगुंडी तिने मागितली नव्हती. तिने मागितलेला मनी प्लँट मात्र 'क्लीन डेस्क पॉलिसी'त बसत नव्हता.

रात्री बारा वाजता मी तिला हे सगळं लिहून पाठवलं. ओसरी-माजघरासकट. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'जागीच आहे. कोड लिहितेय.'

हवा आणि उजेड

याच वाचनात आणखी दोन गोष्टी हाताला लागल्या, त्यासुद्धा सांगून टाकते. दुपारी तीनला मीटिंग रूममध्ये डोळे मिटायला लागतात, तेव्हा आपण वरण-भाताला दोष देतो. तो बिचारा दर वेळी दोषी नसतो! हार्वर्डच्या जोसेफ अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २४ जणांना सहा दिवस एका खास ऑफिसात बसवलं. खोलीतली हवा रोज गुपचूप बदलली, आणि रोज निर्णय घेण्याची, विचार करण्याची परीक्षा घेतली. नेहमीच्या बंद इमारतीसारख्या हवेच्या तुलनेत, भरपूर ताजी हवा खेळवलेल्या दिवशी गुण साधारण दुप्पट झाले. माणसं तीच, डोकी तीच!

आणि उजेड. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास तर हॉस्पिटलमधला आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या पेशंटपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. मैत्रिणीचा गुलमोहर म्हणजे नुसती हौस नव्हती तर! आपल्या पुण्यात हडपसरला सुझलॉनसाठी 'वन अर्थ' हा कॅम्पस २००९ मध्ये उभा राहिला. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर. उंच काचेचा डबा करण्याऐवजी बुटक्या इमारती, मधे चौक, पाणी, झाडं, आणि टेबलापर्यंत दिवसाचा उजेड. म्हणजे आपल्याकडे असं काही होऊच शकत नाही, असं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कितीही उत्तम ऑफिस असलं, तरी बॉस रात्री साडेअकराला 'क्विक कॉल' लावत असेल, तर झाडं काही करू शकत नाहीत. फुकटचं जेवण रात्री आठला मिळत असेल, तर ते जेवण तुमच्या तब्येतीसाठी आहे की तुम्ही सातला घरी जाऊ नये म्हणून, हा प्रश्न विचारायला हवा. पोटात जेवण आणि डोक्याखाली बीन बॅग मिळाली म्हणजे घर मिळालं असं होत नाही.

पुढे काय झालं?

तिने राजीनामा पाठवला नाही. आधी टीमशी बोलली. नऊ जणांच्या टीममध्ये सहा जण घरी जाऊन रात्री काम करत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात वाईट हेच. जागा चुकीची असते आणि माणूस स्वतःला नालायक समजायला लागतो.

मग ते सगळे मॅनेजरकडे गेले. सोबत आठवडाभराची नोंद, कोड किती वाजता जमा झाला याची. जवळजवळ सगळा रात्री अकरा ते दोन. तो आकडा बघून मॅनेजर गंभीर झाले. 'राजगड' नावाची मीटिंग रूम बरेच दिवस रिकामीच असायची. ती दोन आठवडे ट्रायलवर टीमला दिली, हवी तशी मांडायची परवानगी देऊन.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून झोपाळा बाहेर काढला, टेबलं खिडकीकडे तोंड करून लावली, व्हाइटबोर्ड आत आणला. घरून कुंड्या आणल्या. सोमवारी येऊन बघतात तर झोपाळा परत आत, टेबलं परत रांगेत, कुंड्या पॅसेजमध्ये! क्लायंट व्हिजिट होती म्हणून अॅडमिनने 'नीट' लावून ठेवलं होतं. तिने मला फोन केला. आवाज थरथरत होता. 'अगं, चौथी खोली!' एवढंच म्हणाली.

मला वाटलं, झालं, आता ड्राफ्ट सेंड होणार. पण या वेळी मॅनेजर स्वतः अॅडमिनच्या सरांकडे गेले. आणि खरं काम केलं ते हाउसकीपिंगच्या काकांनी. त्यांनी कुणालाही न विचारता कुंड्या उचलून खिडकीत ठेवल्या आणि म्हणाले, 'ताई, पॅसेजमध्ये ऊन नाही येत. मरतील झाडं.'

आता तिथे सकाळी दहा ते एक कुणी कुणाला हाक मारायची नाही, असा नियम आहे. टीमने स्वतः केलेला. एकनंतर दार उघडं. चहाला सगळे टपरीवर, कारण टपरीची सर त्या पाच प्रकारच्या कॉफीला नाही. ट्रायलचे दोन आठवडे संपून दोन महिने झाले.

आपल्या हातात काय?

सगळ्यांनाच 'राजगड' मिळणार नाही, मलाही मान्य आहे. पण थोडं तर करता येतं. दिवसातले दोन तास टीमने मिळून शांततेचे ठरवा, एकट्याने ठरवलं तर ते 'अॅटिट्यूड' वाटतं. जागा निवडता येत असेल तर घसरगुंडीजवळची नको, खिडकीजवळची पकडा. मीटिंग तासाहून लांबली तर दार उघडा. टेबलावर एक तरी वस्तू तुमची स्वतःची ठेवा, आणि ती ठेवायची परवानगी नसेल तर का नाही, हे नम्रपणे पण लेखी विचारा. इंटरव्ह्यूला गेलात आणि कुणी कौतुकाने ऑफिस दाखवलं, तर बीन बॅगकडे बघू नका. फक्त एक प्रश्न विचारा, 'इथलं टेबल मला हलवता येईल का?' समोरच्याचा चेहरा बघा. उत्तर तिथेच मिळेल.

कालच तिला मेसेज केला, 'तो ड्राफ्ट डिलीट केलास का गं?'

'नाही अजून,' तिने लिहिलं. 'पण बराच खाली गेलाय.'

आणि सोबत, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, तिच्या ऑफिसचा एक फोटो. 'राजगड'चं दार. नावाच्या पाटीवर चिकटवलेला एक पिवळा कागद, त्यावर मार्करने लिहिलेलं, 'माजघर'.